तंबोरा, टॅपेट आणि पर्सिगचे पुस्तक

रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकाला २०२४ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मी ते तिसऱ्यांदा वाचले. पहिले वाचन १९८२ मधले. तेव्हा मी नुकतीच तिशी ओलांडली होती आणि तीनच वर्षांपूर्वी एक जुनी बुलेट विकत घेतली होती. दुसरे वाचन निवृत्तीनंतर, २००९ मध्ये झाले. पुस्तक तेच राहते आणि वाचणारा बदलतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु तिसऱ्या वाचनात मला या पुस्तकातील एक उणीव जाणवली, आणि तिचा माग काढता काढता तीच उणीव आपल्याही घरात आहे, हे ध्यानात आले. त्याविषयी हे थोडेसे विवेचन.

आरंभीच माझ्या अधिकाराविषयी, खरे म्हणजे तो नसल्याविषयी, सांगितले पाहिजे. मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. इंदूरच्या एका कचेरीत छत्तीस वर्षे हिशेब तपासण्यात गेली. दोन आवडी मात्र जन्मभर पुरल्या, एक मोटारसायकलची आणि दुसरी गाण्याची. आजोबा नोकरीनिमित्त होळकरांच्या राज्यात आले, त्यानंतर त्यांनी मिरजेहून मागवलेला तंबोरा अजून आमच्या घरी आहे. गळा बेताचाच असल्यामुळे गायकाच्या मागे बसून तंबोरा धरणे, एवढीच माझी संगीतसेवा. आणि रविवारी पहाटे बुलेट काढून देवासपर्यंत जाऊन येणे, एवढाच माझा प्रवास. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते एका हौशी माणसाचे निरीक्षण आहे, असे समजून वाचकांनी वाचावे.

पुस्तकाचे कथानक थोडक्यात सांगता येते. १९६८ च्या उन्हाळ्यात पर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या ख्रिस या मुलाला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारसायकलवर गेला. जॉन आणि सिल्व्हिया सदरलँड हे मित्रदांपत्य आपल्या बी.एम.डब्ल्यू. मोटारसायकलवरून त्यांच्याबरोबर निघाले आणि मोंटाना राज्यातील बोझमन गावापासून परत फिरले. या प्रवासवर्णनात निवेदकाचे चिंतन गुंफलेले आहे. त्याखाली आणखी एक कथा आहे. निवेदक पूर्वी अध्यापक होता. 'क्वालिटी', म्हणजे एखादी गोष्ट चांगली आहे हे आपल्याला कसे कळते, या एकाच प्रश्नाचा त्याला ध्यास लागला, त्यात मनाचा तोल गेला आणि रुग्णालयात त्याला विजेचे झटके देण्यात आले. त्या जुन्या स्वतःला तो 'फीड्रस' हे नाव देतो आणि एखाद्या पिशाच्चाचा शोध घ्यावा तसा त्याचा शोध घेत जातो. हे हस्तलिखित १२१ प्रकाशकांनी परत केले होते. पुढे त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या.

आपल्या चिंतनाला पर्सिग 'शोटोक्वा' म्हणतो. रेडिओ येण्यापूर्वी अमेरिकेत गावोगाव तंबू ठोकून लोकांना काही शिकवावे आणि त्यांचे मनही रमवावे, असे फिरते कार्यक्रम होत, त्यांचे हे नाव. मराठी वाचकाला येथे कीर्तनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपला कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. पर्सिगने मात्र निरूपण आणि आख्यान यांची वेणी घातली आहे. घाट चढताना निरूपण आणि मुक्कामाला पोहोचल्यावर आख्यान, अशी त्याची चाल आहे. ग्रीक तत्त्ववेत्त्यांची नावे येऊनही पुस्तक कंटाळवाणे होत नाही, याचे श्रेय या रचनेला आहे. श्रोता पेंगू लागला की कीर्तनकार झांज वाजवतो, तसा पर्सिग योग्य वेळी पाऊस पाडतो, साखळी सैल करतो किंवा ख्रिसच्या पोटात दुखवतो.

पुस्तकाचा मूळ सिद्धान्त असा. माणसे जगाकडे दोन तऱ्हांनी पाहतात. काहींना वस्तूचे दर्शनी रूप, तिचा आनंद तेवढा हवा असतो. तिच्या आत काय चालते हे त्यांना नको असते. काहींना आतली रचना, कार्यकारणभाव, सुटे भाग यांतच रस असतो. पहिल्या वृत्तीला तो 'रोमँटिक' म्हणतो आणि दुसरीला 'क्लासिक'. जॉन हा पहिल्या वृत्तीचा माणूस. त्याच्या मोटारसायकलचे हँडल सैल होऊन घसरू लागते. बिअरच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून मध्ये सरकवली की काम झाले, असे निवेदक सुचवतो. उपाय अचूक असतो, कारण तो पत्रा मऊ असतो आणि गंजत नाही. पण आपल्या नव्या, महागड्या, जर्मन कौशल्याचा नमुना असलेल्या गाडीला बिअरच्या डब्याचे ठिगळ, या कल्पनेनेच जॉन दुखावतो. निवेदकाला पत्र्याचा गुण दिसतो आणि जॉनला पत्र्याचे कूळ. हा प्रसंग पर्सिगने फार मिस्किलपणे लिहिला आहे. या दोन वृत्तींच्या मधली भिंत पाडणारी गोष्ट म्हणजे आस्था, हातातल्या कामाशी एकरूप होणे, हे त्याचे प्रतिपादन आहे.

पहिल्या वाचनात मी या प्रतिपादनाने भारावून गेलो होतो. अडकलेल्या स्क्रूचे प्रकरण तर मला जवळजवळ पाठ होते. एक क्षुल्लक स्क्रू निघत नाही आणि सारे काम थांबते. त्या क्षणी त्या स्क्रूचे मोल अख्ख्या मोटारसायकलएवढे होते, असे पर्सिग दाखवून देतो. दुरुस्ती करताना माणसाची उमेद कोठे कोठे गळते, याची त्याने केलेली यादीही अशीच अनुभवाची आहे. घाई, अहंकार, कंटाळा, धास्ती या प्रत्येकीचा वेगळा सापळा. हिशेबातील एका रुपयाची तफावत शोधत रात्री जागवलेल्या माणसाला ही यादी पटवून देण्याची गरज नव्हती.

उणीव दिसली ती जॉनच्या पात्रात. जॉन हा व्यवसायाने वादक आहे. वाद्यवृंदात ड्रम वाजवतो. निवेदक याचा उल्लेख करतो, पण जॉनला यंत्राची नावड का, याचे स्पष्टीकरण म्हणून. जॉन ड्रम वाजवताना विचार करीत नाही, नुसता वाजवतो, आणि जगातल्या बाकीच्या गोष्टींकडेही तसाच पाहतो, असा त्याचा निष्कर्ष. येथे पर्सिग घसरला आहे, असे मला वाटते. ड्रमचे कातडे ज्या कड्याने ताणलेले असते, त्या कड्याभोवती स्क्रू असतात आणि ते पिळून स्वर जुळवण्यासाठी एक लहानशी चावी असते. ज्याच्या जवळ अशी चावी आहे, त्याला पान्याची शिसारी का यावी? पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा होता, परंतु हा धागा निवेदक पुढे नेत नाही. संगीत म्हणजे भावना आणि यंत्र म्हणजे बुद्धी, ही जी वाटणी मोडायला तो निघाला, तीच त्याने जॉनच्या बाबतीत गृहीत धरली.

आपल्याकडील वादकाच्या बाबतीत असे गृहीत धरताच आले नसते. तबलजी मैफलीला येतो तो हातोडी घेऊन. वादीखालचे गट्टे ठोकून, गजऱ्यावर वरून खालून घाव घालून, पुडीचा सूर सर्व बाजूंनी सारखा होईपर्यंत त्याचे काम चालते, आणि श्रोत्यांनाही त्यात काही विसंगत वाटत नाही. तंबोऱ्याचे काम त्याहून नाजूक. खुंट्या पिळून चार तारा ढोबळ मानाने स्वरात आणायच्या, मणी सरकवून त्यांतला शेवटचा फरक काढायचा. मग घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढे-मागे करीत जवारी उघडायची. दोरा जागेवर नसेल तर तार नुसती टणत्कार करते. जागा सापडली की तीच तार गुंजू लागते आणि एका स्वरात अनेक स्वर ऐकू येतात. काही कारागीर या दोऱ्याला 'जीव' असेच म्हणतात. कुमार गंधर्वांचा तंबोरे जुळवण्याबाबतचा काटेकोरपणा देवास-इंदूरच्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. त्या जुळवणीत बुद्धी कोठे संपते आणि रसिकता कोठे सुरू होते, हे कोणी सांगू शकेल काय?

पर्सिगच्या पुस्तकात संगीत आणखी एकदा येते, आणि तेही प्रतिकूल रूपात. त्याने आपली गाडी एका दुरुस्तीच्या दुकानात दिली होती. तेथील मुले मोठ्याने रेडिओ लावून, थट्टामस्करी करीत काम करीत होती. त्यांनी इंजिन उघडले, भाग बदलले, नवे बिघाड करून ठेवले. मूळ दोष होता तेल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतील पंचवीस सेंटांची एक पिन तुटल्याचा. त्या मुलांचे हात कामात होते आणि मन नव्हते, असे पर्सिग म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु रेडिओचा खरा अपराध कोणता? त्याने मन विचलित केले हा तर आहेच. त्याहून मोठा अपराध म्हणजे त्याने कान व्यापला. इंजिनाचा रोग आधी कानाला कळतो आणि मागाहून डोळ्याला. पर्सिगला हे ठाऊक होते. आपल्या इंजिनाच्या आवाजाकडे त्याचे सतत लक्ष असते. पण 'कान' हा संगीत आणि यंत्र यांना जोडणारा पूल आहे, हे त्याने एक सिद्धान्त म्हणून मांडलेले नाही. पुस्तकाचा भर पाहण्यावर आणि विचार करण्यावर राहिला.

योगायोग असा की हा पूल त्याला भारतात सापडू शकला असता. १९५० च्या सुमारास पर्सिग काशीला बनारस हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत होता. पुस्तकात फीड्रसच्या काशीतील दिवसांचा शेवट असा आहे: जग माया आहे असे प्राध्यापक सांगत असताना तो विचारतो, हिरोशिमा आणि नागासाकी येथे पडलेले अणुबॉम्बही माया होते काय? प्राध्यापक होकार देतात आणि तो वर्ग सोडून जातो. त्याचा राग समजण्याजोगा आहे. पण त्याच काळात, त्याच शहराच्या गल्ल्यांत कंठे महाराज आणि अनोखेलाल मिश्र यांचा तबला वाजत होता आणि त्या तबल्यांना शाई भरणारे हात काम करीत होते. भारताचे शहाणपण वर्गातच मिळेल, ही समजूत त्या तरुण अमेरिकनाची होती. आणि आपल्यातील किती जणांची ती अजूनही नाही?

हा पूल मला प्रथम दाखवला तो मात्र पुस्तकाने नव्हे. आमच्या वस्तीपासून थोड्या अंतरावर एका मिस्त्रीचे गॅरेज होते. माझी बुलेट तोच पाही. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून ऐके आणि मग सांगे, बेअरिंग आहे की टॅपेट. जुन्या बुलेटचे टॅपेट जुळवण्याची रीत जाणकारांना ठाऊक असेल. इंजिन थंड असताना बाजूचे झाकण काढायचे, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा स्थितीत पिस्टन आणायचा, आणि आतल्या पुशरॉडला दोन बोटांच्या चिमटीत धरून नट फिरवायचा. रॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वरखाली मुळीच हलता कामा नये. या दोहोंमधली जागा फार अरुंद असते. सैल राहिला तर इंजिन टकटकते. आवळला गेला तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि कालांतराने जळतो.

एका संध्याकाळी तो मिस्त्री गाडीची किल्ली द्यायला आला, तेव्हा मी आतल्या खोलीत तंबोरा लावत होतो. मी त्याला व्हरांड्यातच थांबायला सांगितले. खिडकीतून तो पाहत होता. दोरा सरकवताच आवाज एकदम का उघडतो, असे त्याने विचारले. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मतलब ये भी टैपेट ही हुआ, भाईसाब. फँसाना भी नहीं, छोड़ना भी नहीं."

मी हसलो. पुढे कित्येक वर्षे मित्रमंडळीत हा विनोद म्हणून सांगितला, आणि सगळे हसत. तंबोऱ्याला टॅपेट म्हणणारा मिस्त्री! चाळीस वर्षांनी पर्सिग पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात या पुस्तकावरील सर्वांत नेमके भाष्य झाले होते, आणि ते करणाऱ्याने पुस्तक पाहिलेही नव्हते.

येथे आपल्या भाषेकडे वळणे आवश्यक आहे. मराठीत आपण तंबोरा लावतो, इंजिनाचे टायमिंग लावतो, कपड्यांची घडी लावतो, मुलांना शिस्त लावतो, कामात मन लावतो आणि माणसांना जीव लावतो. एकच क्रियापद. पर्सिग ज्या आस्थेविषयी पानेच्या पाने लिहितो ती या 'लावणे' मध्ये आधीपासून आहे. याहून महत्त्वाचे त्याचे अकर्मक रूप. शिष्य सूर लावतो, पण खरोखर जमले की आपण म्हणतो, 'सूर लागला'. कोणी लावला, हा प्रश्नच तेथे उरत नाही. गायक वेगळा आणि सूर वेगळा, करणारा वेगळा आणि केलेली वस्तू वेगळी, हे द्वैत त्या एका 'लागला' मध्ये विरघळते. पर्सिगची 'क्वालिटी' नेमकी येथे आहे, कर्ता आणि कर्म यांचा भेद होण्याच्या अलीकडे. इंग्रजीत हे सांगण्यासाठी त्याला ॲरिस्टॉटलशी भांडावे लागले. मराठी माणूस ते मैफलीत मान डोलावताना बोलून जातो.

परंतु भाषेत शहाणपण आहे म्हणून ते बोलणाऱ्यात असते, असे नाही. आपल्याच भाषेचे दुसरे एक वैशिष्ट्य पाहावे. इंदुरात गॅरेजमधला पोरगा आपल्या मिस्त्रीला 'उस्ताद' म्हणतो. त्याच शहरात आपण अमीर खाँसाहेबांनाही उस्ताद म्हणत आलो. हिंदीत शब्द एक. आमच्या मराठी घरात मात्र खाँसाहेब 'ते' आणि मिस्त्री 'तो'. खाँसाहेब गातात, मिस्त्री दुरुस्त करतो. मी वर सगळीकडे 'तो' असेच लिहिले आहे, आणि मला वाटते की कोणाही वाचकाला ते खटकले नसेल. एकेरीत जिव्हाळाही असतो, हे मान्य. विठ्ठल 'तो' आहे, आई 'तू' आहे, पर्सिगलाही मी वाचकाच्या सलगीने 'तो'च म्हणत आहे. पण मिस्त्रीच्या 'तो' मध्ये ही सलगी नव्हती. त्याच्या चहाचा कप आमच्याकडे वेगळा ठेवलेला असे. तो मुसलमान होता म्हणून, की हात काळे होते म्हणून, हे कोणी बोलून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणजे पर्सिगने अमेरिकेत जी भेग पाहिली ती मनातली आहे. एक माणूस यंत्राला भितो, दुसरा त्यात रमतो. आपल्याकडील भेग मनातली नाही, मानातली आहे. आपला गायक स्वतःच्या वाद्याला हात लावण्यात कमीपणा मानत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब तर वाद्यदुरुस्तीत निष्णात होते, अशी त्यांची ख्याती आहे. परंतु वाद्य घडवणारा कोण, हे आपण विचारीत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यांचे कसब यांतून जे तंबोरे निघाले, त्यांवर अर्ध्या हिंदुस्थानचे गाणे उभे राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरीही आनंद झाला. त्या आनंदात मी आजोबांची जमाखर्चाची वही काढली. त्यात तंबोऱ्याची किंमत आहे, रेल्वेचे भाडे आहे, हमाली आहे. कारागिराचे नाव नाही. हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही नोंद अपुरी आहे, हे कळायला इतकी वर्षे लागली.

टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सेबास्टियन अँड सन्स' या पुस्तकात दक्षिणेतील मृदंग घडवणाऱ्यांचा, त्यांतील अनेक दलित ख्रिस्ती कुटुंबांचा, असाच राहून गेलेला हिशेब मांडला आहे. वादकाला सूर हवा तसा मिळेपर्यंत कातड्यावर प्रयोग करणारे हे कारागीर वाद्याचे सहनिर्माते आहेत, असे त्यांचे म्हणणे. पर्सिगनंतर हे पुस्तक वाचले तर पर्सिगचे अपुरेपण अधिक स्पष्ट होते. तो स्वतःच्या गाडीची दुरुस्ती स्वतः करतो, म्हणून दुसऱ्यासाठी दुरुस्ती करून जगणाऱ्या माणसाचा विचार त्याच्या तत्त्वज्ञानात फारसा येत नाही. पुस्तकात चांगला मिस्त्री नाहीच, असे नाही. वाटेत एक निष्णात वेल्डर भेटतो आणि त्याचे कौशल्य पर्सिग मनापासून वर्णितो. पण तो येतो आणि जातो. आस्था ही वस्तूशी असलेल्या नात्यापुरती राहते. वस्तूमागच्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही.

याचीच दुसरी बाजू ख्रिसच्या कथेत आहे, आणि पर्सिगच्या बाजूने सांगायचे तर तेथे तो स्वतःला सूट देत नाही. सारा प्रवासभर ख्रिस मागच्या सीटवर असतो. त्याला रस्ता दिसत नाही, डोंगर दिसत नाहीत. दिसते ती बापाची पाठ. इंजिनाचा बारीकसा बदललेला आवाज ऐकणाऱ्या बापाला मुलाच्या पोटदुखीतले आणि रडण्यातले दुःख मात्र फार उशिरा ऐकू येते. शेवटी दोघांचे मोकळे बोलणे होते, आणि ख्रिस पायठेवणीवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून प्रथमच समोर पाहतो. मला हा शेवट फार जवळचा वाटतो, कारण तंबोरा धरणाराही आयुष्यभर गायकाची पाठच पाहतो. पुढे १९७९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला. १९८४ च्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरलेखात पर्सिगने त्याविषयी लिहिले आहे. ते वाचल्यावर अडकलेल्या स्क्रूचे प्रकरण पूर्वीसारख्या निर्धास्तपणे वाचता येत नाही.

आजच्या वाचकाला या पुस्तकाचा उपयोग काय, असा प्रश्न येईल. पुढे आलेल्या काही बुलेटमध्ये टॅपेट तेलाच्या दाबाने आपोआप जुळू लागले, कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली आहे. तंबोऱ्याचेही तेच, इलेक्ट्रॉनिक तंबोरा येऊन चार दशके उलटली आणि आता तो मोबाइलमध्ये आहे. मीही तो वापरतो. त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. लावण्याची गरज संपली तर 'लागणे' उरेल काय, एवढीच शंका मनात येते. आपल्यासारख्या तीन-चार पिढ्यांपूर्वी महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या घरांत मराठीचेही थोडे तसेच झाले आहे. ती गवसणी घालून कोपऱ्यात उभी आहे, धूळ बसू नये याची काळजी घेतली जाते. पण रोज तारा पिळल्या नाहीत तर तंबोरा बिघडत नाही, मुका होतो.

पर्सिग २०१७ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला. त्याचे पुस्तक मी अजूनही तरुणांच्या हाती देईन, पण दोन गोष्टी सांगून. एक, वाचताना कान उघडा ठेवा. दुसरी, यंत्राच्या पलीकडे कोण उभे आहे ते पाहा.

आमचे मिस्त्री बारा वर्षांपूर्वी वारले. गॅरेज आता त्यांचा मुलगा चालवतो. तिसरे वाचन संपल्यावर मी तेथे गेलो आणि चाळीस वर्षे विनोद म्हणून सांगितलेली गोष्ट, ती विनोद का नव्हती, हे त्याला सांगितले. तो फारसे बोलला नाही. त्याने चहा मागवला, आणि आम्ही दोघांनी एकाच किटलीतला घेतला. मी त्याच्याकडून त्यांचे पूर्ण नाव विचारून घेतले, कारण इतक्या वर्षांत ते मला ठाऊकच नव्हते. आजोबांच्या त्या वहीत, तंबोऱ्याच्या नोंदीसमोरची जागा रिकामी आहे. ती आता भरता येणार नाही. पण वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी बुलेटची नोंद केली, खरेदीची तारीख, किंमत, आणि त्याखाली ती कोणी लावली, त्यांचे नाव.